‘ऑनलाइन बरं की वर्ग बरा?’ या प्रश्नावर पीएचडी करण्याआधी



पेटचा निकाल लागला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. “ताई, विषय ठरलाय. ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संपादनावर ऑनलाइन अध्यापनाचा परिणाम : एक तुलनात्मक अभ्यास’. कसा वाटतो?” पाठवणाऱ्यांत एमएस्सी झालेले असतात, बीएड करणारे असतात, आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारे तर बरेच असतात. सगळ्यांची योजना जवळपास सारखीच. एका तुकडीला व्हिडिओवरून शिकवायचं, दुसरीला फळ्यावर, शेवटी एक चाचणी आणि टी-टेस्ट.

विषय महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण प्रश्न असाच ठेवला तर तीन-चार वर्षांनी हाती फारसं काही लागणार नाही. हे मी तोऱ्यात सांगत नाहीये. हाच अभ्यास मी स्वतः केलाय, आणि तो चुकलाय. म्हणून आधी तेच सांगते.

माझा गुगल फॉर्म

२०२०-२१ मध्ये मी नुकतीच एमएस्सी होऊन तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर रसायनशास्त्र शिकवत होते. एफवायचा वर्ग, शंभराच्या वर मुलं, तास सगळे मोबाईलवर. सत्र संपताना वाटलं, एवढं शिकवलंय तर थोडं संशोधनही करावं. ऑनलाइन तासांबद्दल वीस प्रश्नांचा गुगल फॉर्म केला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. निम्म्याहून कमी जणांनी भरला, पण उत्तरं छान होती. बहुतेकांना तास आवडत होते, समजत होते, रेकॉर्डिंग पुन्हा बघता येतं याचं कौतुक होतं. मी पाय-चार्ट काढले आणि एका ऑनलाइन परिषदेत शोधनिबंध वाचला. निष्कर्ष : ग्रामीण विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण स्वीकारले आहे.

प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ सरांनी एवढंच विचारलं, “मॅडम, फॉर्म कोणी भरला नाही?”

मी म्हटलं, “सर, काहींनी नाही भरला.” ते म्हणाले, “ते काही म्हणजे कोण?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी कॉलेज उघडल्यावर प्रॅक्टिकलला एक मुलगी भेटली. हजेरीत नाव होतं, पण चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर कामावर जायचा, रात्री परत यायचा. ती म्हणाली, “मॅडम, तुमचा फॉर्म मला दिसला तेव्हा त्याची तारीख संपून गेली होती.” ज्यांच्यापर्यंत ऑनलाइन शिक्षण पोचत नाही त्यांना मी ऑनलाइन फॉर्मवरून विचारत होते, ते पोचतंय का. आणि उत्तर ‘हो’ आलं म्हणून खूश होते.

तो शोधनिबंध आजही माझ्या बायोडाटात आहे. काढून टाकावा असं अनेकदा वाटलं. पण आता मी रसायनशास्त्राच्या शिक्षणावरच पीएचडी करतेय, त्यामागे तो एक प्रश्न आहे, म्हणून ठेवलाय.

भांडण जुनं आहे

माझ्यासारख्या फसलेल्यांची रांग मोठी आहे. रेडिओ आला, सिनेमा आला, टीव्ही आला, संगणक आला. प्रत्येक वेळी शिक्षणात एकच तुलना झाली, नवं साधन विरुद्ध नेहमीचा वर्ग. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने अशा तुलनांचा आढावा घेतला आणि म्हटलं की माध्यमामुळे शिकणं वाढतं याला पुरावा नाही. त्याची उपमा प्रसिद्ध आहे : किराणा घरी आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यम म्हणजे फक्त वाहतुकीचं साधन. पोषण होतं ते ट्रकमधल्या मालाने, म्हणजे अध्यापनाच्या पद्धतीने.

क्लार्कची दोन निरीक्षणं वहीत लिहून ठेवावीत अशी आहेत. एक, दोन्ही गटांचे धडे एकाच शिक्षकाने तयार केले असतील तर माध्यमाचा फायदा बराचसा नाहीसा होतो. म्हणजे आधीचा फरक व्हिडिओमुळे नसून व्हिडिओच्या धड्यावर जास्त मेहनत घेतली गेली होती, म्हणून असू शकतो. दोन, नवीन साधनाचं अप्रूप असतं तोवर मुलं जास्त लक्ष देतात. अप्रूप ओसरलं की फायदाही ओसरतो. चार आठवड्यांचा प्रयोग करणाऱ्यांनी हे दुसरं नीट वाचावं.

रॉबर्ट कोझमाने १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, माध्यम आणि पद्धत अशा सुट्या करता येत नाहीत. काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच करता येतात. आपल्या विषयातलं उदाहरण घ्या. फळ्यावर कायरल रेणू काढला तर तो सपाट दिसतो. पडद्यावर तोच रेणू बोटाने फिरवता येतो आणि आरशातल्या प्रतिमेवर बसतो का ते बघता येतं. इथे माध्यम म्हणजे नुसता ट्रक नाही. म्हणून कोझमाचा प्रश्न वेगळा आहे : या साधनाचा कोणता गुण, कोणत्या मुलांना, कोणत्या कामात उपयोगी पडतो?

माझ्या मते दोघंही वाचायला हवेत. क्लार्क वाचला की आपण सावध होतो, आणि कोझमा वाचला की पुढे काय करायचं ते दिसतं.

‘लक्षणीय फरक नाही’ म्हणजे नेमकं काय?

१९९९ मध्ये थॉमस रसेल यांनी एक पुस्तकच काढलं. दूरशिक्षणावरचे ३५५ अहवाल आणि निबंध गोळा करून त्यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा एकच निष्कर्ष येतो : लक्षणीय फरक नाही. दूरशिक्षणाच्या बाजूच्यांना हे आवडलं. ‘बघा, आम्ही कमी नाही!’

थांबा. इथे आपल्यातले बरेच जण घसरतात. ‘लक्षणीय फरक सापडला नाही’ आणि ‘दोन्ही सारखेच आहेत’ ही दोन वेगळी विधानं आहेत. अंधारात टॉर्च मारून किल्ली दिसली नाही, म्हणून ती खोलीत नाही असं होत नाही. आधी टॉर्च किती मोठा होता ते बघावं लागतं.

आकड्यांत सांगते. दोन गटांत मध्यम फरक असेल, म्हणजे सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा असेल, आणि पाच टक्के सार्थकता पातळीवर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ विद्यार्थी लागतात. फरक लहान असेल, प्रमाण विचलनाच्या एक-पंचमांश, तर प्रत्येक गटात जवळपास ४०० लागतात. तीस-तीसच्या दोन तुकड्या घेऊन ‘फरक नाही’ म्हणणं म्हणजे मेणबत्ती घेऊन मैदानात किल्ली शोधणं. शिवाय ‘अ’ तुकडीला एक पद्धत आणि ‘ब’ तुकडीला दुसरी, असं केलं तर खरी तुलना साठ मुलांची राहत नाही, दोन तुकड्यांची होते. ‘अ’ तुकडीत प्रवेश गुणांनुसार दिले असतील तर सगळंच मुसळ केरात.

सरासरीच्या पोटात काय आहे?

२००४ मध्ये कॅनडाच्या रॉबर्ट बर्नार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २००२ या काळातल्या २३२ अभ्यासांचं महाविश्लेषण केलं. महाविश्लेषण म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एका मापावर आणून एकत्र बघणं. त्यांचा सरासरी फरक जवळपास शून्य आला. पण सरासरीभोवती पसारा प्रचंड होता. काही दूरशिक्षण अभ्यासक्रम वर्गापेक्षा खूपच चांगले, काही खूपच वाईट. एक पाय बर्फात आणि दुसरा निखाऱ्यावर असला तरी सरासरी तापमान ठीकच येतं!

त्यांनी पुढे दोन भाग केले. सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहायचं ते तास, आणि ज्याने-त्याने आपल्या वेळेनुसार शिकायचं ते अभ्यासक्रम. संपादनात पहिल्या प्रकारात सरासरी कौल वर्गाकडे झुकला, दुसऱ्यात दूरशिक्षणाकडे. आणि या दोन्ही भागांच्या आतही फरक उरलेच. म्हणजे ‘ऑनलाइन’ ही एक गोष्ट नाहीच. माझे मोबाईलवरचे तास आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं घरी येणारं स्वयं-अध्ययन पुस्तक, दोन्ही दूरशिक्षणच. पण शिकणाऱ्याच्या दिवसात दोघांची जागा वेगळी. त्या मुलीला रात्री फोन मिळत होता. रात्री बघता येईल असा दहा मिनिटांचा धडा मी आधी पाठवला असता, तर ती कदाचित माझ्या वर्गात असती. मी मात्र सकाळी अकराचा तास धरून बसले होते.

दुसरा वाचण्यासारखा दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण विभागासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी केलेला २०१० चा अहवाल. त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांचं मिश्रण नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरलं. ही बातमी सगळीकडे फिरली. पण त्याच अहवालात लेखकांनी बजावलंय की मिश्र गटातल्या मुलांना बरेचदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. ही ओळ बातम्यांत गळते. म्हणून सांगते, सारांश वाचून संदर्भ देऊ नका, अहवाल उघडा.

आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी

तुम्ही म्हणाल, ताई, सगळी उदाहरणं परदेशी. मग हे घ्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष, इस्रोने नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचवला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. याला ‘साइट’ प्रयोग म्हणतात. गावात एक सामुदायिक संच, त्यावर शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम.

त्यातले दोन भाग आपल्या कामाचे आहेत. पहिला, शिक्षकांचं प्रशिक्षण. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण दिलं गेलं, पण फक्त टीव्हीवर नाही. टीव्हीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि स्वतः करायच्या कृती होत्या. ‘टीव्ही चांगला की शिक्षक?’ असा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. कोणतं काम कोणाकडून करून घ्यायचं, हा प्रश्न होता.

दुसरा भाग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. मूल्यमापनासाठी सर्वेक्षणं तर झालीच, पण काही गावांत मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना राहायलाच पाठवलं होतं. संचासमोर कोण बसतं, कोण येतच नाही, कोणाला पुढे जागा मिळते, हे गावात राहिल्याशिवाय कळत नाही. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, तरी ते गावात गेले. माझ्याकडे सगळ्यांचे फोन नंबर होते आणि मी व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाहेर गेले नाही.

आवडलं आणि समजलं, यातलं अंतर

माझ्या फॉर्ममधली आणखी एक चूक. मी मुलांना विचारलं, “तास समजला का?” हा शिकण्याचा पुरावा नाही.

२०१९ मध्ये हार्वर्डच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी एक नेटका प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे यादृच्छिक गट, विषय तोच, हातात दिलेलं साहित्य तेच. एका गटाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला गटात झगडून उदाहरणं सोडवायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण ‘किती शिकलात असं वाटतं?’ याला पहिल्या गटाने जास्त गुण दिले. छान वाहणारं व्याख्यान ऐकताना समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना आपण ढ आहोत असं वाटतं. शिकण्याचं मात्र उलटंच होतं.

म्हणजे विद्यार्थ्यांचं मत विचारू नये का? जरूर विचारावं. पण ‘समाधान’ या नावाखाली विचारावं, ‘संपादन’ या नावाखाली नाही. संपादन मोजायला शक्यतो आधी तपासून घेतलेली चाचणी वापरा. पदार्थविज्ञानात बलाच्या संकल्पनांवरची ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ १९९२ पासून आहे. तिच्यासारख्या चाचण्या वापरून १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत, वाढीला जेवढी जागा होती तिच्या सरासरी २३ टक्के वाढ. मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. बघा, हा फरक वर्गाच्या आतलाच आहे.

मग प्रश्न कसा लिहायचा?

माझ्या वहीत आता चार ओळी पहिल्या पानावर आहेत.

१. कोणाला? ‘विद्यार्थी’ नको. फोन स्वतःचा आहे की घरचा एकच, मराठी माध्यमातून आलेले की इंग्रजी, पहिल्या पिढीतले शिकणारे किती, हे आधी लिहा.

२. काय शिकायला? ‘रसायनशास्त्र’ नको. ‘मोल संकल्पना’ किंवा ‘समतोलावर तापमानाचा परिणाम’ एवढं बारीक हवं.

३. साधनाच्या कोणत्या गुणामुळे? थांबवता येतं म्हणून, फिरवता येतं म्हणून, लगेच चूक कळते म्हणून? कारण सांगता येत नसेल तर तुलना करू नका.

४. बाकी सगळं समान आहे का? वेळ, शिक्षक, सराव, घरचा अभ्यास. जे समान नाही ते कबूल करा.

आता मेसेजमधला तोच विषय पुन्हा लिहू. ‘एफवायच्या, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना वायूंचे नियम शिकवताना, दाब-आकारमान स्वतः बदलून बघता येणारं सिम्युलेशन आणि तेच सिम्युलेशन शिक्षकाने पडद्यावर चालवून दाखवणं, यांत संकल्पना समजण्यात काय फरक पडतो?’ दोन्हीकडे माध्यम एकच आहे. बदललं ते एवढंच की हात कोणाचा. याचं उत्तर ‘फरक नाही’ आलं तरी शिक्षकाला उपयोग आहे : एका प्रोजेक्टरवर काम भागेल.

वाचायचं कुठे, तेही फुकट?

महागडी जर्नल्स आपल्या कॉलेजात नसतात, हे माहीत आहे. तरी बरंच हाताशी आहे.

एरिक : अमेरिकेच्या शिक्षण विभागाची, शिक्षण संशोधनाची सूची. शोधताना दोन खुणा करा, ‘फक्त समीक्षित’ आणि ‘पूर्ण मजकूर उपलब्ध’. एक चांगला लेख सापडला की त्याखाली दिलेले विषयशब्द बघा आणि त्यांनी पुन्हा शोधा. आपण बनवलेल्या शब्दांपेक्षा ते जास्त नेमके असतात.

शोधगंगा : गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं भारतीय प्रबंधांचं भांडार. आपला विषय टाकून दहा प्रबंध काढा आणि फक्त नमुना निवडीचं प्रकरण वाचा. कोण सुटलं ते शोधायची सवय लागते.

आयआरआरओडीएल : कॅनडातल्या अथाबास्का विद्यापीठाचं मुक्त जर्नल, खास दूर आणि मुक्त शिक्षणासाठी, २००० पासून. जुने अंकही खुले.

डीओएजे : मुक्त जर्नल्सची निर्देशिका. ‘दोन दिवसांत छापून देतो, अमुक रुपये भरा’ असा मेल आला की ते जर्नल आधी इथे शोधा. आणि इथे असलं तरी त्यातले चार लेख स्वतः वाचून बघा.

फेट : कोलोरॅडो विद्यापीठाची विज्ञान सिम्युलेशन्स. अनेक मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालवता येतात. वर लिहिलेला प्रयोग यावर करता येईल.

स्वयम आणि एनपीटीईएल : इथे अभ्यासक्रम करा, पण संशोधकाच्या नजरेनेही बघा. व्हिडिओ कुठे थांबवावासा वाटतो, चर्चा मंचावर कोण बोलतं, कितव्या आठवड्यात आपलाच उत्साह मावळतो. स्वतःची नोंद ठेवा.

जाता जाता

सध्या माझं माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे. यंदा मी फॉर्म कागदावर छापलाय. प्रॅक्टिकलच्या बॅचला हातात देते, आणि फॉर्म वाटायच्या आधी हजेरीपटावरून पूर्ण यादी काढते. कागद परत आला की नावासमोर खूण. खूण नसलेल्यांना फोन, फोन लागला नाही तर मैत्रिणीकडून निरोप, तरीही नाही तर ‘पोचले नाही’ म्हणून वेगळा रकाना. प्रबंधात तो रकाना छापणार आहे. गाइड म्हणाल्या, त्यावर एक परिच्छेद नको, अख्खं उपप्रकरण लिही.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर आज एवढंच करा. तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा, आणि त्याखाली लिहा : माझ्या पद्धतीतून कोण सुटेल? दुसरी ओळ लिहायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला तर घाबरू नका, लागू द्या.

पुढच्या वेळी टी-टेस्ट कधी वापरू नये यावर लिहीन.